पणजोबांनी मूळ गाव लपवलं असेल तर शोध कसा घ्यायचा (सातारा-सांगलीकडच्या लोकांसाठी)

ज्यांच्या घरात एखादा असा पणजोबा किंवा खापरपणजोबा होऊन गेलाय की ज्याच्या मागचं कुणालाच काही माहीत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाव विचारलं की "वरनं आलो", भाऊ किती विचारलं की गप्प, आणि आडनाव असं की राहत्या गावात दुसऱ्या कुणाचंच नाही. आमचे पणजोबा 1920 च्या आसपास पलूस भागात आले (तेव्हा तो तासगाव तालुका), कामाला लागले, लग्न केलं, जमीन घेतली, आणि मरेपर्यंत मूळ गावाचं नाव तोंडातनं काढलं नाही. त्यांचं गाव आम्हाला सापडलं. ज्या वाटेनं सापडलं ती इथं क्रमानं देतोय, म्हणजे तुम्हाला ह्या ऑफिसातनं त्या ऑफिसात उगाच फिरावं लागणार नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. बऱ्याच जणांना वाटतं की ज्यानं मुद्दाम लपवलं त्याचा कागद कुठनं मिळणार. पण जो माणूस इथं अचानक उगवला तो तिकडं कुठल्यातरी गावातनं अचानक गायब झालेला असतो, आणि तिकडच्या दप्तरात त्याची जागा रिकामी दिसते. त्यानं इकडचं सगळं झाकलं तरी तिकडचं दप्तर काही त्याच्या हातात नव्हतं. ह्या दोन टोकांची गाठ घालायची, बाकी सगळं त्यासाठीच.

1. आधी घरातलं सगळं बाहेर काढा

ऑफिसात जायच्या आधी ट्रंका, माळा, देवघराचं कपाट बघा. हे शोधा:

- त्याच्या सगळ्या मुला-मुलींचे शाळेचे दाखले, सगळ्यात थोरल्याचा तर हवाच
- जुनी खरेदीखतं, गहाणखतं, सारा भरलेल्या पावत्या
- लग्नातल्या आहेराच्या वह्या
- पोथ्यांची पहिली पानं (नाव-गाव तिथं लिहायची पद्धत होती)
- पलटणीचे, गिरणीचे, कारखान्याचे, पेन्शनचे कागद
- फोटोच्या मागची बाजू

ह्यातली आहेराची वही लोक रद्दीत घालतात, तेवढं करू नका. लपवणारा माणूस स्वतः गावाकडं जात नाही, पण मुलीच्या लग्नाला कुणालातरी गुपचूप निरोप धाडतोच. आमच्या आत्तीआजीच्या लग्नाच्या वहीत पानंच्या पानं आमच्या नि शेजारच्या गावांची नावं आहेत, प्रत्येक नावापुढं आडनाव, गाव, रोख किती, खण का टोपी, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आणि मध्येच एक ओळ, "मामा, रोख 2 रु., खण 1", पुढं माण तालुक्यातल्या एका गावाचं नाव. आडनाव नाही. त्या पानावर आडनाव नसलेला तेवढा एकच माणूस. पणजीचे मामा सगळे जवळपासच्या गावचे, मग हा मामा कुणाचा? अशा ओळी शोधा, सगळ्यांपेक्षा वेगळी दिसते ती ओळ धरून ठेवायची.

2. म्हाताऱ्या माणसांना "गाव कुठलं" हा प्रश्न विचारू नका

पिढ्यानपिढ्या तेच उत्तर मिळालंय, तुम्हालाही तेच मिळणार. त्याऐवजी असं विचारा:

- घरात कुणी गेलं की सुतक कुणाकुणाला कळवायचे? दहाव्याला कोण यायचं?
- कुलदैवताला कुठं जायचो आपण, कोण घेऊन जायचं?
- लग्नात देवक कसलं मांडतात?
- पणजोबा कुठल्या गावाला कधीच जायचे नाहीत? कुठली जत्रा टाळायचे?
- त्यांच्या तोंडात असा कुठला शब्द होता की गावात बाकी कुणी बोलत नव्हतं?

माणूस आडनाव बदलतो, पण देव बदलायची त्याची छाती होत नाही, निदान आपल्याकडं तरी. आमच्या गावात बहुतेक घरं जोतिबाला जातात, आम्ही मात्र म्हसवडच्या सिद्धनाथाला. लहानपणापासनं जातोय म्हणून कुणाला त्यात काही वाटलंच नाही. म्हसवड माण तालुक्यात, आणि आहेराच्या वहीतलं ते गावही माणमधलंच. पालीचा खंडोबा, खरसुंडीचा सिद्धनाथ, शिखर शिंगणापूरचा महादेव, मांढरदेवची काळूबाई, ह्या प्रत्येक देवाचा आपापला मुलूख आहे. देवावरनं गाव ठरत नाही हे खरं, पण कुठल्या तालुक्यात शोधायचं तेवढं कळतं. सुतकाचं तर त्याहून पक्कं, कारण सुतक भावकीलाच असतं, आणि लांबच्या गावचं कुणीतरी गेलं म्हणून पणजोबांनी दाढी-डोकं केल्याची आठवण कुणी सांगितली तर ते गाव लगेच लिहून घ्या.

बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण त्यांना सांगून. आणि एकाच बैठकीत सगळं काढायला जाऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते स्वतःहून बोलतात.

3. का लपवलं असेल ह्याचा अंदाज बांधा, पण त्याला चिकटून बसू नका

कारणाचा अंदाज आला की कुठल्या दप्तरात बघायचं ते कळतं. आपल्या दोन जिल्ह्यांत ही कारणं जास्त दिसतात.

1943 ते 1946 मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं, तेव्हा कितीतरी कार्यकर्ते भूमिगत होते आणि दुसऱ्याच नावानं वावरत होते, काहींचं तेच नाव पुढं चिकटलं. अशांनी नंतर स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शनचा अर्ज केला असेल तर त्याची फाईल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संबंधित शाखेत विचारा, अर्जात खरं नाव, खोटं नाव, साक्षीदार असं सगळं लिहावं लागायचं.

दुसरं, 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. ज्या जमाती त्यात घातल्या त्यांच्या माणसांना रोज पोलीस पाटलाकडं नाहीतर चौकीत हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायला परवानगी लागायची. हा कायदा देशभरातनं गेला तो 1952 मध्ये. त्याच्या आधी कुणी गाव-जात लपवून दुसरीकडं जगायला गेलं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, लाज वाटायला पाहिजे ती कायदा करणाऱ्यांना. अस्पृश्यतेला कंटाळून आडनाव बदलून शहर गाठलेल्यांचंही तसंच.

तिसरं, तुरुंग. औंध संस्थानानं 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत काढली, तिथं शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहून शेती करायचे. किर्लोस्करवाडी 1910 मध्ये उभी राहिली, ओगलेवाडीचा काच कारखानाही त्याच जमान्यातला. अशा नव्या वसाहतीत तुझा बाप कोण, भावकी कुठली, हे गावच्यासारखं कुणी विचारत बसत नव्हतं, हाताला काम येतं का एवढं बघायचे. गाव सोडलेल्या माणसाला अशी जागा सोयीची.

चौथं, 1948 ची जाळपोळ. गांधीजींच्या खुनानंतर आपल्याकडच्या बऱ्याच गावांतनं ब्राह्मण कुटुंबं रातोरात निघाली, ती परत आलीच नाहीत, आणि पुढच्या पिढीला काही सांगितलंही नाही.

बाकी कर्ज, भाऊबंदकी, पहिलं लग्न, मारामारीची केस, बापाचं नाव नसणं, ही कारणं सगळीकडची. आणि एक साधी शक्यता विसरू नका, घरजावई. बायकोच्या गावात राहिला म्हणून त्याची भावकी तिथं नाही, एवढंच असतं कधीकधी, लपवलेलं काहीच नसतं.

4. आडनावाच्या मागं लागू नका

इथं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. आडनाव टाकून कुळी, गोत्र, राजघराणं सांगणाऱ्या वेबसाईट आहेत, त्यांचा ह्या कामाला काडीचा उपयोग नाही. शंभर वर्षांपूर्वी आडनाव एवढं पक्कं नसायचंच. गावावरनं, धंद्यावरनं, मास्तरनं लिहिलं म्हणून, पलटणीत लागलं म्हणून आडनाव व्हायचं. साताऱ्यातलंच उदाहरण घ्या. आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचं नाव दाखल झालं, रजिस्टरला "भिवा रामजी आंबेडकर" अशी नोंद आहे. घराण्याचं आडनाव सकपाळ, आंबडवे हे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, आणि त्या गावावरनं शाळेत लागलेलं आडनाव पुढं कायम झालं. ह्यात लपवाछपवी काही नाही, पण नुसतं "सकपाळ" शोधत बसणाऱ्याला ती नोंद सापडली नसती.

शोधायचं ते स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, ही जोडी. बापाचं नाव लपवणारी माणसंसुद्धा बहुतेक खरंच सांगतात, कारण श्राद्धाला ते घ्यावं लागतं.

5. इकडच्या टोकाचे कागद

शाळेचं जनरल रजिस्टर: दाखल्यावर जे येत नाही ते मूळ रजिस्टरला असतं, म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज देऊन मूळ ओळ बघायला मागा. थोरल्या मुलाचं जन्मस्थळ आणि "पूर्वीची शाळा" हे दोन रकाने बघा. पणजोबा लग्न होऊन आले असतील तर थोरल्याचा जन्म वाटेतल्या गावात झालेला असतो. रयतचं वसतिगृह किंवा शाळा असेल तर तिथंही विचारा. रयत शिक्षण संस्था 1919 ला कराडजवळच्या काले गावात निघाली आणि 1924 पासनं साताऱ्यात आहे, सगळ्या जाती-जमातींची, कुठनकुठनं आलेली पोरं तिथं शिकली.

गाव नमुना 14: ह्याला कोतवाल बुक म्हणतात, जन्म-मृत्यूच्या नोंदी. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा यायच्या आधीचं हेच. बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतं.

सात-बारा, फेरफार: सात-बारावर नावाजवळ गोलात आकडा असतो तो फेरफाराचा (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचा) नंबर, त्या नंबरनं मागं मागं जायचं. जुन्या उताऱ्यात "ए.कु.मॅ." दिसलं की एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे त्याच्यामागं आणखी भाऊ आहेत ज्यांची नावं लिहिलेली नाहीत. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, त्या वेळी पोरगं लहान होतं आणि कुणीतरी त्याच्या वतीनं होतं. ते कुणीतरी कोण ते बघा. भूमी अभिलेखच्या आपले अभिलेख पोर्टलवर स्कॅन केलेलं जुनं रेकॉर्ड बघता येतं, आधी तिथं तुमचा तालुका-गाव आहे का बघून घ्या, नसेल तर तहसील आणि भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात नकलेचा अर्ज.

कुळकायद्याची फाईल: पणजोबा कुणाची जमीन कुळानं करत असतील तर ही सोडू नका. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर कुळांना जमीन विकत देण्याची जी 32ग ची प्रकरणं चालली त्यात कुळाचा जबाब घेतलेला असतो. वय काय, किती वर्षं गावात आहे, आधी कोण कसत होतं, हे त्याच्याच तोंडचं.

खरेदीखत: ह्यावर जरा थांबून वाचा. लिहून घेणार, लिहून देणार, वय, धंदा, राहणार, आणि सगळ्यात खाली साक्षीदार. आमच्या पणजोबांनी पहिली जमीन घेतली त्या दस्तात लिहून घेणार म्हणून ते आमच्याच गावचे, जसे काही पिढ्यानपिढ्या तिथलेच. पण दोन नंबरच्या साक्षीदाराच्या नावापुढं "निशाणी डाव्या हाताचा अंगठा" आणि राहणार म्हणून म्हसवडजवळचं गाव. एवढ्या लांबनं कोण कुणाच्या खरेदीला अंगठा द्यायला येतं? एकतर नातेवाईक, नाहीतर सोबत गाव सोडलेला माणूस. म्हणून सांगतो, लपवणाऱ्या माणसापेक्षा त्याच्या बाजूला उभ्या राहिलेल्यांच्या मागं लागा, त्यांना काही लपवायचं नव्हतं. दस्ताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते, इंडेक्स वन (दस्तातल्या नावांची यादी) नावानं शोधता येतो.

पलटण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, मराठा लाईट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला. वय आणि गाव खोटं सांगून भरती झालेले असतात, पण वारस म्हणून ज्याचं नाव दिलंय ते खरं असण्याची शक्यता जास्त, पैसे त्याला पोचायचे असतात. मुंबईला गिरणीत असतील तर गावकीच्या खोल्यांची (एका गावच्या लोकांनी मिळून राहायच्या) माहिती काढा, माणूस बहुतेक आपल्या मुलखातल्यांच्यातच गाळ्यावर राहायचा. विटा-आटपाडीकडचे असाल तर गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्याला कोण कुणाबरोबर बाहेर गेलं ते विचारा.

6. जुन्या हद्दी नीट समजून घ्या

ह्याच्यामुळं लोक चुकीच्या जिल्ह्यात जाऊन हात हलवत परत येतात. 1949 पर्यंत आजचा सांगली जिल्हा असा नव्हताच. त्या वर्षी सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन झाले, आणि दक्षिण साताऱ्याचं नाव 1960 ला सांगली झालं. त्याच्या आधी मध्ये मध्ये संस्थानं. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात, जत वेगळं, फलटण वेगळं, मिरजेची थोरली पाती-धाकटी पाती वेगळी. सांगली संस्थानात तर मंगळवेढा, तेरदाळ, शिरहट्टी असे लांबचे तुकडे होते, आज ते सोलापूर, बागलकोट, गदग जिल्ह्यांत आहेत. म्हणून "सांगलीहून आला" असं घरात म्हणत असतील तर ते शहर का संस्थान हे आधी ठरवा. 1848 ला सातारचं राज्य खालसा व्हायच्या आधीपर्यंत जायचं असेल तर मग पुण्याचं पुराभिलेखागार, पेशवे दफ्तर तिथंच आहे.

आणि धरणं. कोयनेत पाटण-जावळीकडची गावं पाण्याखाली गेली आणि माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी पांगली, तिकडं वसवलेल्या गावाला बऱ्याचदा जुनंच नाव. एकाच नावाची दोन गावं दिसली तर जिल्हा पुनर्वसन कार्यालयात विचारून घ्या.

7. तिकडच्या गावात जाऊन काय बघायचं

एक-दोन गावांवर संशय आला की तिथला जुना फेरफार, वारस नोंदी काढा. तुमचा माणूस ज्या वर्षी इकडं दिसायला लागला त्याच्या आधीची पाच-दहा आणि नंतरची वीस वर्षं. एक शब्द डोळ्यात तेल घालून शोधा: परागंदा. बाप मेल्यावर वारस लावताना चारपैकी तीन मुलांची नावं येतात आणि चौथ्याबद्दल लिहितात की अमुक इसम बरीच वर्षं परागंदा असून ठावठिकाणा नाही. सात वर्षं ज्याचा पत्ता नाही तो मेला असं कायदा धरतो, म्हणून कधीकधी जिवंत माणूस सरळ मयत दाखवलेला असतो. आमची नोंद अशीच निघाली, नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव वेगळं आणि पुढं परागंदा. तलाठी ऑफिसच्या बाकावर बसून मी तो कागद परत परत वाचला.

गावात चौकशी करताना जमिनीचा विषय काढू नका. जुनी भावकी अचानक कोण आलं म्हटल्यावर पहिल्यांदा त्यांना वाटणीचीच भीती वाटते. पहिल्याच वाक्यात सांगा, "काका, जमिनीचं काही नाही, आमचं कुलदैवत नि मूळ गाव शोधतोय." देवळातल्या गुरवाकडनं सुरुवात करा, मग पोलीस पाटील, मग भावकी. त्या भावकीत कुणी जात पडताळणी केली असेल तर त्यांच्याकडं वंशावळ आणि जुने पुरावे तयारच असतात, कारण त्यासाठी प्रवर्गाप्रमाणं 1950, 1961 किंवा 1967 च्या आधीचे कागद जमवावे लागतात. नुसतं बघायला मागा, कॉपी त्यांनी दिली तरच घ्या.

8. हेळवी आणि क्षेत्रोपाध्ये

सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात हेळवी येतात, घराण्याच्या वंशावळी पिढ्यानपिढ्या सांभाळणारी माणसं. सुगीनंतर येऊन नावं वाचून दाखवतात, नवी पोरं लिहून घेतात. तुमच्या घरी येत नसतील तर ज्या गावाचा संशय आहे तिथं कधी येतात ते विचारा, फोन नंबर गावात असतोच कुणाकडं तरी. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, तुळजापूर इथल्या उपाध्यांच्या, पुजाऱ्यांच्या वह्यांतही गावानुसार नोंदी असतात. अस्थी घेऊन गेलेल्या माणसानं तिथं खरं गाव सांगितलेलं असण्याची शक्यता फार. दक्षिणा द्या, घाई करू नका.

9. मोडी आणि सन

साधारण 1950 च्या आधीचं बरंच मोडीत आहे. वाचणारा माणूस शोधा, पण त्याला "ह्यात आमचं आडनाव आहे का बघा" असं कधीच सांगू नका, नुसतं "काय लिहिलंय ते वाचा" म्हणा. मोडीत अक्षरं जोडून असतात, आधी नाव सांगितलं की वाचणाऱ्यालाही तेच दिसायला लागतं. जमलं तर दोघांकडनं वेगवेगळं वाचून घ्या. सनाचा हिशेब: शके असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर 590, सुहूर किंवा अरबी असेल तर 599 किंवा 600. वर्षं जानेवारीला सुरू होत नाहीत म्हणून एखादं वर्ष इकडंतिकडं धरा.

10. अर्ज कसा करायचा

माहिती अधिकाराआधी साधा नकलेचा अर्ज करा, त्याला लवकर उत्तर मिळतं. अर्जात गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, कुठल्या सालापासनं कुठल्या सालापर्यंत, कुठला नमुना, हे नेमकं लिहा. "माझ्या पूर्वजांची सगळी माहिती द्यावी" असं लिहिलं की तो अर्ज तसाच पडून राहतो. उत्तरच आलं नाही तर मग 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, 30 दिवसांची मुदत असते. "रेकॉर्ड जीर्ण झालं" किंवा "आढळून येत नाही" असं म्हणाले तर ते लेखी घ्या. जनगणनेत घरच्यांची नावं बघायला मिळतील ह्या आशेवर राहू नका, माणसागणिक माहिती कायद्यानं गुप्त आहे.

तयार वंशावळ करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटापासनं लांब राहा. त्या कागदावर पुढं कुणी प्रतिज्ञापत्र केलं तर खोट्याचा गुन्हा करणाऱ्यावर पडतो, एजंट हात वर करतो.

11. सापडलं असं कधी म्हणायचं

नाव आणि बापाचं नाव जुळलं एवढ्यावर थांबू नका, त्या काळात गावात एकाच नावाचे चार-चार असायचे. माझा नियम असा की एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. आमच्याकडं कुलदैवत, दस्तातला साक्षीदार आणि परागंदाची नोंद जुळली, आणि आहेराच्या वहीतला मामा त्याच भावकीचा पाहुणा निघाला. वंशावळ लिहिताना प्रत्येक नावापुढं "कागद आहे", "सांगोवांगी" किंवा "अंदाज" असं लिहा, नाहीतर पुढची पिढी अंदाजालाच कागद समजेल.

घरात सांगताना आधी सगळ्यात वयस्कर माणसाला एकट्याला सांगा. जे निघालं ते पहिल्या बायकोचं असेल, जातीचं असेल, तुरुंगाचं असेल, तर फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी त्यांना विचारा. आमच्या आजोबांच्या धाकट्या भावाला थोडंफार माहीत होतं, त्यांनी बापाला शब्द दिला होता म्हणून बोलले नव्हते. तिकडं पहिल्या कुटुंबाची नातवंडं-पतवंडं असतील तर त्यांनाही तेवढाच मान द्या, त्यांचा पणजोबा त्यांना सोडून गेला होता, आणि तुमचं येणं त्यांना आवडेलच असं नाही. फोन नंबर देऊन या, आणि बोलायचं का नाही ते त्यांना ठरवू द्या.